डबा बदलून द्या

काकूंनी माझ्या मुलीच्या ओटीतला नारळ काढून घेतला.

हात घालून काढला. तिनं ओढणी दोन्ही हातांनी पुढं धरली होती. आत नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. काकूंनी आधी नारळ उचलला, मग खण. तांदूळ काही उचलता येईनात. म्हणाल्या, "ते बाहेर जाऊन झटक. इथं सांडू नकोस."

दवाखान्याचं उद्घाटन होतं. होटगी रोडला, काकूंच्या मुलाचा दातांचा दवाखाना, नवाकोरा. भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, हातात पेढ्यांच्या कागदी डिश. चावायचं थांबून सगळे बघत होते.

मग काकूंनी एक ओला नॅपकिन पुढं केला. मुलीच्या हातात नाही दिला. माझ्या हातात दिला.

"पुसा तिचं कपाळ. तुम्हीच पुसा."

मी पुसलं.

हे दोन शब्द लिहायला मला फार जड गेलं. मी पुसलं. गेल्या वर्षी अकलूजला तिच्या सासरच्या अंगणात बायकांनी तिचं कुंकू पुसलं, तेव्हा मी जमिनीवर लोळून रडले होते. त्या बायकांना शिव्या दिल्या होत्या. ह्या वेळी नॅपकिन माझ्याच हातात होता. मी नीट पुसलं. भुवईत गेलेलं पण काढलं.

मी पुसत असताना काकूंनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का हे?"

"नाही हो काकू," मी म्हणाले. "बहिणीची मुलगी आहे. बहिणीनं मला काही सांगितलंच नाही."

माझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर लांब. ती माझ्याकडं बघत होती. डोळे हलवत नव्हती.

बहिणीची मुलगी नाही. मला बहीणच नाही. रोहिणी माझ्या पोटची मुलगी आहे.

पहिल्यापासून सांगते.

मी कॉम्प्युटर जोडते. बाई कॉम्प्युटर जोडते म्हटलं की लोक हसतात, हसू देत. माझं माहेर सांगोल्याच्या पलीकडं, मेंढरामागं फिरणारं घर. दहावी झाले आणि लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर होता. कावीळ अंगावर काढली आणि गेला. रोहिणी शाळेत होती. मी अण्णांच्या दुकानात झाडायला-पुसायला लागले. कॉम्प्युटरचं दुकान. अण्णांचा कारागीर एक दिवस न सांगता पुण्याला निघून गेला. मी टेबल पुसत होते. अण्णा माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "बाई, तुझी बोटं बारीक हायत. बघ की जमतंय का." जमलं. तेव्हापासून दुकानातलं प्रत्येक मशीन मी जोडलं. मदरबोर्ड, पंखा, वायरी, सगळं आणून कॅबिनेटमध्ये बसवायचं. कॅबिनेट म्हणजे बाहेरचा डबा. आम्ही डबाच म्हणतो.

अण्णा वाईट माणूस नाहीत. कधी वाकडं बोलले नाहीत, वाईट नजरेनं बघितलं नाही. दिवाळीला साडी देतात. फिक्या रंगाची देतात, पण देतात.

दुकानाचा एक रिवाज होता. गिऱ्हाईक नवीन मशीन न्यायला आलं की मी मागच्या खोलीत जायचं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच समजून जात होते. आमच्याकडं नवी वस्तू अशी कुणी चालू करत नाही. गाडी असू दे, शिलाई मशीन असू दे, कॉम्प्युटर असू दे. स्वस्तिक काढायचं, फूल ठेवायचं, नारळ फोडायचा, आणि पहिलं बटण सवाष्णीनं दाबायचं. बायकोनं, आईनं, सुनेनं. अण्णा तर ते दुकानातच करून द्यायचे. हळदी-कुंकवाचं ताट काउंटरखाली तयार. "अजून कुणाचा हातसुद्धा लागला न्हाय बघा. तुमच्या लक्ष्मीच्या हातानं चालू होऊ द्या." लोकांना ते लई आवडायचं. मी आतनं टाळ्या ऐकायची.

मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. हे खरं सांगते. माझं जे झालं ते झालं, असं धरून मी चालले होते.

मग माझा जावई गेला. अकलूजला साखर कारखान्यात होता. उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकला, ट्रॉलीला मागं दिवाच नव्हता. सासरच्यांनी काही दिवस ठेवून घेतलं, मग रोहिणीला आणि तिच्या लहान मुलीला माझ्या एका खोलीत आणून सोडलं. जाताना तिची सासू म्हणाली, "हिच्याकडं बघितलं की पोराची आठवण येती." जसं काही रोहिणीला येत नव्हती.

ती काम शोधायला लागली. साड्यांच्या दुकानात गेली, तर तिथली बाई म्हणाली, "लग्नाचा बस्ता काढायला लोक येतात गं, समोर तुला कशी उभी करू?" एका ब्युटी पार्लरमध्ये गेली. तिथं "नवरीला हात लावायचा असतो" म्हणाले. एका ठिकाणी ठेवून घेतलं, तर मालकाचा भाऊ रोज संध्याकाळी गाडीवर सोडतो म्हणून मागं लागला. नवरा नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, वाट मोकळी. तिनं ते सोडलं. मग तिनं बोलणंच सोडलं. भिंतीकडं तोंड करून बसायची. पोरगी रडली तरी वळायची नाही.

एक दिवस दुपारी शेजारणीचा दुकानावर फोन आला. रोहिणी पोरीला तिच्यापाशी ठेवून गेली होती, आली नव्हती. मी धावत सुटले. रेल्वेच्या रुळांकडं जाणारी वाट आहे आमच्या मागनं. तिथं ती दगडावर बसली होती. चप्पल काढून बाजूला नीट ठेवली होती. मी तिची चप्पल उचलली आणि तिला घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी मधल्या मारुतीच्या बाजारात जाऊन पॉलिशचं मंगळसूत्र आणलं. हिरव्या बांगड्या आणल्या. टिकल्यांचं पाकीट आणलं.

ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आई, हे कुणाच्या नावाचं घालू?"

"कामाच्या नावाचं घाल," मी म्हणाले.

माझ्याच हातानं तिच्या गळ्यात घातलं.

अण्णांना माझा जावई गेल्याचं ठाऊक होतं, मी तेव्हा सुट्टी घेतली होती. म्हणून मुलगी म्हणून तिला नेता येईना. माझी मुलगी अण्णांनी कधी बघितली नव्हती. झाडणाऱ्या बाईच्या घरी कोण जातं? बहिणीची मुलगी म्हणून नेली. नवरा गुजरातला कंपनीत असतो, असं सांगितलं. अण्णा खूश झाले. चुणचुणीत पोरगी, हसतमुख, कपाळाला टिकली. काउंटरला बसवली. एखादं गिऱ्हाईक बायकोशिवाय आलं की अण्णा म्हणायचे, "काळजी कशाला? आमची रोहिणी हाय की." आणि रोहिणी कुंकू लावून बटण दाबायची. मी मागच्या खोलीत असायची.

दुकानात ती मला मावशी म्हणायची. पहिल्या दिवशी म्हणताना अडखळली. नंतर सवय झाली. मला पण झाली.

ती परत जेवायला लागली. पोरीशी बोलायला लागली. मी म्हटलं, देवा, एवढं खोटं पदरात घे.

त्या दवाखान्याच्या उद्घाटनाला अण्णांनी आम्हा दोघींना पाठवलं. मला वायरी जोडायला, तिला दिसायला. डॉक्टर तरुण होता. काचेचा डबा घेतला होता, आत रंगीत दिवे लागणारा. काकू म्हणजे त्याची आई. घाईत होत्या. पाच सवाष्णींची ओटी भरायची होती, चारच आल्या होत्या. पाचवीचा फोन येत होता, नाक्यावर अडकलेय, येतेच. काकूंची नजर रोहिणीवर पडली.

"अगंबाई, लक्ष्मीसारखी पोरगी दारात उभी आणि आपण कुठं शोधतोय! ये गं. साडी नाही ना, असू दे, ओढणी पुढं धर."

मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "तुम्ही जरा मागं थांबा हं. राग मानू नका."

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. तिला जायचं नव्हतं. दुकानात एका गिऱ्हाइकासमोर वेगळं, आणि हे वेगळं. ओटी भरून घ्यायची, मंत्र म्हणणार, सगळे बघणार. ती माझ्याकडं बघत राहिली. मी डोळ्यांनी जा म्हणाले.

ती गेली. ओटी भरली. काचेवर कुंकवानं स्वस्तिक काढलं तिनं. बटण दाबलं. आत निळे-जांभळे दिवे लागले, पंखे फिरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ती हसली. मनापासून. अकलूजनंतर पहिल्यांदा.

तेवढ्यात पाचवी आली. मिठाईचा बॉक्स घेऊन, घामाघूम. तिचा नवरा अकलूजला त्याच कारखान्यात साहेब होता. तिनं रोहिणीला ओळखलं. आनंदानं ओळखलं, त्यात कपट काही नव्हतं.

"तू रोहिणी ना? आमच्या कॉलनीत दूध आणायला यायचीस…" आणि मग तिचा चेहरा उतरला. "पण तो तर गेला ना गं?"

पुढचं मी आधीच लिहिलंय.

रोहिणीला काकूंनी बाहेर बसू दिलं नाही. पाहुणे येता-जाता विचारतात म्हणून मागच्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथं सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, खोके होते. दार लोटून घेतलं.

डॉक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मला पर्सनली तसं काही नाही हो. पण आईला बीपी आहे."

काकू खुर्चीत बसून वारा घेत होत्या. "नव्या जागेत पहिलं बटण. माझा मुलगा उद्यापासून लोकांच्या तोंडात मशीन घालणार. काही बरंवाईट झालं म्हणजे?"

मी अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. नाही, सगळं नाही. काकूंना सांगितलं तेवढंच सांगितलं. बहिणीनं फसवलं म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, "फोन काकूंना दे."

स्पीकर लावलेला होता. सगळ्यांनी ऐकलं.

"काकू, माफ करा. डबा बदलून देतो. आतला माल तसाच ऱ्हाऊ दे, त्याला कुठं काय झालंय? बटण डब्याला असतंय, कुंकू डब्याला लागलंय. नवा डबा आणतो, तुमच्या पाचव्या सवाष्णीनं दाबू दे. राहुकाळ लागायच्या आत करून देतो."

काकूंना ते पटलं. म्हणजे बघा, किती लवकर पटलं. अशुभ होतं ते डब्यावरच थांबलं होतं. आत उतरलं नव्हतं.

अण्णा स्कूटीवर पायांत नवा डबा धरून आले. तसलाच, काचेचा. मी जमिनीवर बसकण मारली. तेव्हा काकूंना आठवलं. माझ्याकडं बोट केलं. "पण अण्णा, ह्यांचंसुद्धा कपाळ…"

अण्णा हसले. "आतलं काम ओ काकू. आतलं कोण बघतंय?"

मी डबा बदलायला घेतला.

एकेक स्क्रू काढला. स्क्रू ठेवायला वाटी मागितली, तर पेढा खाल्लेली कागदी डिश मिळाली. वायरी सोडवल्या. मदरबोर्ड दोन्ही हातांनी अलगद उचलून नव्या डब्यात ठेवला. लहान बाळाला आंघोळीनंतर उचलतात तसा उचलावा लागतो. हे काम मी झोपेत पण करीन. माझ्या हातून आजवर स्क्रू सुटला नव्हता, तो त्या दिवशी सुटला आणि आत जाऊन पडला. डबा तिरका करून हलवावा लागला. टण टण आवाज यायला लागला.

पाहुण्यांतला एक जाडा माणूस म्हणाला, "मावशी, आत अजून कोण राहिलं-बिहिलं असंल तर तेबी काढा बरं का."

लोक हसले. मी पण हसले. हे पण लिहून ठेवते. दार लोटलेल्या खोलीत माझी मुलगी बसली होती आणि मी बाहेर हसले.

डोक्यात एकच चाललं होतं. अण्णा तिला आता ठेवणार नाहीत. ती परत भिंतीकडं तोंड करून बसेल. परत ती वाट. मी काय करू, कुणाच्या पाया पडू. काकूंच्या पडू का? पडावं, असं मी ठरवलं पण होतं. हे जोडून होऊ दे, मग पडते.

जुना डबा बाजूला पडला होता. काचेवर तिनं काढलेलं स्वस्तिक ओलं होतं. कुणीतरी त्यावर वर्तमानपत्र टाकलं.

जोडून झालं. अण्णा खाली वाकून कानात म्हणाले, "आत नेऊन बघून घे. फिल्म नीट लाव."

आता ती गोष्ट सांगते, जी मी कुणाला सांगितली नव्हती.

मशीन जोडलं की चालू करून बघावंच लागतं. न बघता कोण कसं देईल? एक वायर ढिली राहिली तरी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बंद पडतं. मागच्या खोलीत मी दुसरं काय करत होते? प्रत्येक मशीन चालू करत होते. बटण मीच दाबायची. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली, की बंद करायची. डब्याच्या तोंडावर कंपनीची पातळ प्लास्टिकची फिल्म असते, ती आधी अलगद सोडवून ठेवायची आणि नंतर परत चिकटवायची. एक बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग अण्णा ते मशीन बाहेर नेऊन म्हणायचे, अजून कुणाचा हात लागला नाही. "तुझ्यासारखी फिल्म कुणाला चिकटवता येत न्हाय," असं अण्णा म्हणाले की मला बरं वाटायचं. कौतुक वाटायचं स्वतःचं.

डबा उचलून मी सामानाच्या खोलीत गेले. दार लोटलं. रोहिणी गोणीवर बसली होती. रडत नव्हती. मी प्लग लावला, फिल्म सोडवली, बटण दाबलं. पंखे फिरले. निळा उजेड तिच्या तोंडावर पडला.

"काय करतीस?" तिनं विचारलं.

"चालतंय का बघतीय."

"म्हंजे पैल्यांदा तूच चालू केलंस."

"व्हय."

"सकाळचं पन?"

"व्हय. दुकानात."

"मी काउंटरला लोकांची चालू करून द्यायची, ती?"

"ती पन. सगळी."

मग ती म्हणाली, "इतक्या वर्षांत कुणाचं वाईट झालं?"

"न्हाय."

"तुला म्हाईत होतं."

मी फिल्म हातात धरून उभी.

"तुला म्हाईत होतं आई, आन तरी तू माझ्या गळ्यात हे घातलंस."

ती आई म्हणाली, आणि मी आधी दाराकडं बघितलं. कुणी ऐकलं तर नाही ना.

मान वळली, आणि ती वळलेली मला कळली. दुसऱ्या कशानं नाही, त्या वळलेल्या मानेनं मला कळलं मी काय झालेय ते. पोटची मुलगी आई म्हणतेय आणि मी दार बघतेय. काकूंनी नारळ काढून घेतला, तो एकदा घेतला. मी तर हिच्याकडनं रोज काढून घेत होते. आई म्हणायचं काढून घेतलं. नवऱ्याचं मरण काढून घेतलं, त्याला गुजरातला पाठवून दिलं. तिला त्याच्यासाठी रडायची सोय ठेवली नाही.

आणि मला माहीत होतं. काकूंना माहीत नव्हतं, त्यांना भीती होती. मला तर भीती पण नव्हती. अख्ख्या सोलापुरात पुरावा माझ्या एकटीच्या हातात होता. दुकानं, क्लास, दवाखाने, लोकांची घरं, जिथं जिथं टाळ्या वाजल्या तिथं तिथं माझा हात आधी लागला होता आणि कुणाचं केसभर वाकडं झालं नव्हतं. तो पुरावा मी बुडबुडा न ठेवता झाकत होते. ज्यांनी मला मागं उभी केली, त्यांचं खोटं मीच चिकटवून देत होते. आणि मग त्याच खोट्यात माझी मुलगी बसवली.

मी तिचा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला.

फिल्म मी चुरगळली. मशीन उचललं आणि बाहेर आले. डब्याचं तोंड उघडं बघून अण्णांचा चेहरा पडला. पाचवी सवाष्ण ताट घेऊन तयार. काकू म्हणाल्या, "झालं ना? ठेवा इथं, आणि व्हा बाजूला."

मी ठेवलं. बाजूला झाले नाही.

मी म्हणाले, "काकू, हे मी आत चालू करून बघितलंय. सकाळचं पन मीच केलं होतं. अण्णांच्या दुकानातनं गेलेलं एकबी मशीन असं न्हाय, जे आधी माझ्या हातानं चालू झालं न्हाय. माझा नवरा मरून लई वर्षं झाली. आन ही माझ्या बहिणीची न्हाय. ही माझी मुलगी हाय. मंगळसूत्र मी घातलं तिला. मघाशी मी खोटं बोलले."

सगळं बोलून झालं.

मग तो जाडा माणूसच म्हणाला, "अण्णा, आमच्या क्लासची सगळी मशीनं तुमच्याकडचीच की ओ."

मागनं एक बाई म्हणाली, "आमच्या सूनबाईनं नारळ फोडून दाबलं होतं बटण!"

"डोकं फिरलंय तिचं," अण्णा म्हणाले. "लक्ष देऊ नका. काकू, मी अजून एक डबा आणतो. आत्ता आणतो."

"आना," मी म्हणाले. "मी जोडनार न्हाय."

काकू उठल्या. "चालत्या व्हा. दोघी मायलेकी सारख्याच फुटक्या कपाळाच्या."

डॉक्टर मोबाइलमध्ये बघत होता.

रोहिणी सामानाच्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती माझ्याजवळ येईल. ती माझ्या शेजारनं सरळ बाहेर गेली. मी मागनं. रिक्षा स्टॉपवर तिनं गळ्यातलं काढून माझ्या हातात ठेवलं. "तुझं हाय हे," म्हणाली.

त्या दिवसापासून काम गेलं ते गेलंच. माझा भाऊ सांगोल्याहून फोनवर ओरडला, "चाललं होतं की चांगलं! कशाला शहाणपणा केलास?" त्याचं अगदीच चूक नाही. खोलीमालक दारात येऊन उभा राहतो, काही बोलत नाही, नुसता उभा राहतो. नात दूध मागते तेव्हा मी तिला खेळवत बसते. रोहिणी माझ्याशी बोलत नाही. बोललीच तर घरात पण मावशी म्हणते. मी तिला ते शिकवलंय. अजून कधी कधी दुपारी ती उठून बाहेर जाते, आणि मी अंतर ठेवून मागनं जाते. तिला कळतं. ती वळून बघत नाही. खरं बोलले म्हणून ती वाचली, असं मला म्हणता येत नाही. वाचेल की नाही, मला माहीत नाही.

अण्णांचा निरोप आला. परत ये, म्हणाले. तू एकटी ये. काकूंकडं आणि चार गिऱ्हाइकांकडं जाऊन एवढंच सांग, की रागाच्या भरात बोलले, तसं काही नव्हतं. गिऱ्हाईक तुटायला लागलंय. जुनी माणसं आपण, तुला काढून मला काय मिळणार?

निरोप आणलेल्या माणसाला मी बसायला पाट दिला. रोहिणी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. तिनं वर बघितलं नाही, पण हात थांबले होते.

माझ्या तोंडाशी "येते" आलं होतं. खरंच आलं होतं. खोलीत पीठ नव्हतं.

मी त्याला म्हणाले, "अण्णांना सांगा, मी त्या दिवशी खोटं बोलले न्हाय. आधी बोलत होते, रोज. आता ते काम मी सोडलं."

तो गेला. रोहिणी परत तांदूळ निवडायला लागली.

मागच्या आठवड्यात दोन दुकानांत जाऊन आले. तिला बरोबर नेलं. ती यायला तयार नव्हती, मी म्हटलं, नुसती उभी राहा. आत शिरल्या शिरल्या सांगितलं, ही माझी मुलगी, हिचा नवरा गेलाय, माझा पण गेलाय, आम्हाला दोघींना काम पाहिजे, ती काउंटरला बसेल आणि मी जोडीन, समोर बसून. पहिला कळवतो म्हणाला. दुसरा म्हणाला, "बाई, एवढं सगळं सांगायची काय गरज होती?"

गरज आहे.

उद्या परत निघणार. साताठ दुकानं आहेत अजून. तिथं नाही जमलं तर एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालीन, लोकांची भांडी घाशीन. पण कुठल्याही दारात तिला पुढं उभी करून आधी तिचं नाव सांगीन, माझी मुलगी म्हणून सांगीन, मग कामाचं विचारीन. तिनं मला माफ करावं म्हणून नाही. करणार पण नाही बहुतेक. तरी सांगीन. नाही म्हणाले, तर पुढचं दार.